नाएलीच्या डोक्यावरची चुंबळ

मित्रांनो, नाएलीच्या स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलेली ती वाटोळी, काळपट वस्तू म्हणजे मी. एक जुनी चुंबळ. माझ्यात आता फारसा दम उरलेला नाही. एका बाजूने उसवले आहे, मधली घडी बसून गेली आहे. पण बोलायला अजून जड जात नाही.

किलिमांजारोच्या उतारावर, केळीच्या बागेत माझा जन्म झाला. नाएलीने केळीची वाळलेली सोपटे पाण्याने ओलसर केली, पीळ देत देत वळली आणि वरून कमरेला गुंडाळायच्या आपल्या जुन्या फुलाफुलांच्या कापडाची, कांग्याची, पट्टी गुंडाळली. त्या कांग्याला धुराचा आणि कॉफीच्या फुलांचा वास होता. माझ्या बहिणी बाजाराला गेल्या, केळीचे घड घेऊन. मी मात्र डोंगरावर गेले. नाएली हमाली करायला निघाली होती. परदेशी पाहुण्यांचे तंबू, भांडी, पीठ डोक्यावरून वर न्यायला.

तिचा थोरला भाऊ कुंदाएली आधीपासूनच त्या कामावर होता. त्याला हे मुळीच रुचले नाही. निघायच्या सकाळी तो अंगणात येऊन म्हणाला, "तू ओझी वाहायला लागलीस तर लोक म्हणतील, हिचा भाऊ मेला की काय!"

नाएली माझी गाठ आवळत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "जिवंत असून तरी कुठे दिसतोस?"

झाले! शब्द गेला, भाऊ गेला. त्या दिवसापासून दोघे एकाच तुकडीत चालत, एकाच पातेल्यातली मक्याच्या पिठाची उगाली खात, पण बोलत नसत. काही सांगायचे झाले तर तिसऱ्याच्या तोंडून. "हिला सांगा, दोरी नीट बांध." "त्याला सांगा, मला डोळे आहेत." तुकडीचा वाटाड्या गॉडलिसन अगदी वैतागायचा. "मी काय तुमचा टपालवाला आहे?"

अशी दोन वर्षे गेली. डोंगराच्या पायथ्याच्या फाटकापाशी काट्यावर वजन व्हायचे आणि वीस किलो माझ्यावर येऊन बसायचे. पाऊस, गारा, ऊन, धूळ, सगळे मी सोसले. पाहुणे माझा फोटो काढायचे, तेव्हा मला उगीचच मोठे झाल्यासारखे वाटे.

एकदा आम्ही शिखराखालच्या शेवटच्या, बराफूच्या मुक्कामावर होतो. तिथे हवा विरळ, गवताची काडी उगवत नाही. पाणीसुद्धा खालच्या करांगाच्या ओढ्यातून भरून आणावे लागते. दुपारी नाएली पाण्याचा डबा माझ्यावर तोलत वर पोचली, तर हमालांचा हशा चालला होता. कुंदाएली तंबूची मेख ठोकत होता आणि घाव दगडावर पडत होता. उठला तर पाय वेडेवाकडे पडायला लागले.

"काय रे, केळ्याची दारू चढवलीस वाटतं?"

"आम्हाला घोटभर ठेवायची होती की!"

तोही हसला. पण ओठ निळे पडले होते. गॉडलिसनने विचारले, "डोकं दुखतंय का?"

"छे. झोप झाली नाही इतकंच."

खोटे होते ते. वरून आजारी म्हणून परत पाठवलेल्या हमालाला पुढच्या फेरीला कुणी विचारत नाही, म्हणून डोके फुटत असले तरी तो कबूल करत नव्हता. नाएलीने डबा खाली ठेवला. मागच्या वर्षी विरळ हवा बाधून असाच झोकांड्या देणारा एक माणूस तिने पाहिला होता. त्याला खाली न्यायला उशीर झाला, आणि मग घाई करण्यासारखे काही उरले नाही.

"दादा, खाली चल."

"हिला सांगा, आपलं काम बघ."

"मी तुझ्याशी बोलतेय!"

तो पाठ फिरवून बसला. तेव्हा नाएलीने मला डोक्यावरून काढले आणि माझ्या पिळात बोट घातले. माझ्या पोटात इसालेचे पान होते. आमच्या गावात ज्याचे चुकले तो इसालेच्या पानाला गाठ मारतो आणि ज्याला दुखवले त्याच्यापुढे धरतो. समोरचा कितीही रागावलेला असो, ते पान नाकारत नाही, आणि घेतले की मागितलेले द्यावेच लागते.

गाठ मारलेले ते पान नाएलीने त्याच्यापुढे धरले. "दादा, त्या सकाळचं माझं बोलणं पोटात घाल."

कुंदाएली पानाकडे बघतच राहिला. "हे इथवर आणलंस?"

"दोन वर्षं चुंबळीत फिरतंय. तू माझ्याकडे तोंड केलंस तर देईन ना."

"पार वाळलंय की."

"माणूस वाळायच्या आधी घे."

हमालांचा हशा कधीच थांबला होता. कुंदाएलीने दोन्ही हातांनी पान घेतले.

"आता मागते ते दे. खाली चल माझ्याबरोबर."

"अशी बेरकी केव्हापासून झालीस गं?" तो पुटपुटला, आणि तिचा खांदा धरून उठला. गॉडलिसनने त्यांची ओझी वाटून टाकली.

त्या उतरणीला माझ्यावर काहीच नव्हते. नाएलीने मला बांगडीसारखे दंडात अडकवले होते, आणि भावाचे सगळे वजन तिच्या खांद्यावर होते. तो दोनदा ओकला. एकदा म्हणाला, "मला इथेच बसू दे." ती म्हणाली, "बसायला घरी जागा आहे." सावल्या लांबल्या, झुडपे दिसू लागली, मग झाडे. ओल्या मातीचा वास आला. म्वेकाच्या मुक्कामाच्या जरा वर तो थांबला, एक लांब श्वास घेतला आणि म्हणाला,

"नाए, भूक लागली."

दोन वर्षांत त्याने पहिल्यांदा तिचे नाव घेतले होते. ती मटकन खाली बसली, मला तोंडावर धरले आणि पोटभर रडली. मी भिजून गेले. पावसाने इतकी कधी भिजले नव्हते.

पुढच्या फेरीला गॉडलिसनने पहिली हाक मारली ती कुंदाएलीच्याच नावाने. आता निघताना आणि पोचताना सगळे एकमेकांना डोके दुखते का विचारतात, आणि खरे सांगणाऱ्याला कुणी हसत नाही.

मित्रांनो, मी आयुष्यभर ओझ्याखाली राहिले, पण एक किलोसुद्धा कमी करू शकले नाही. ओझे टोचू नये, एवढेच माझ्या हातात होते. ते उतरवायला माणूसच लागतो. म्हणून माझे एक मागणे आहे. तुमच्या आसपास कुणी निमूटपणे झोकांड्या देत चालत असेल, तर हसू नका. जवळ जा आणि विचारा. आणि तुमचे स्वतःचे डोके दुखत असेल, तर लपवू नका. ज्याच्याशी अबोला धरला आहे, त्यालाच आधी सांगा.