मीर्सिनीएवढी मेणबत्ती

बोट हैफाच्या धक्क्याला लागली तोपर्यंत एवान्थियाचा जीव मेटाकुटीला आला होता. ग्रीसच्या पिरेयस बंदरातून निघून तीन दिवस झाले होते, आणि या तीन दिवसांत तिला झोप मिळाली असेल ती मेणबत्तीला टेकून, बसल्या बसल्या. मेणबत्ती तिच्या लेकीएवढी होती. उगाच म्हणायचं म्हणून नव्हे, अगदी तंतोतंत तेवढी. गावच्या मेणवाल्याने मीर्सिनीला भिंतीशी उभं करून टाचेपासून टाळूपर्यंत दोरा लावला होता आणि त्या दोऱ्याबरहुकूम मधमाशांच्या मेणाची ही बत्ती ओतली होती. ऑगस्टच्या उन्हात ती मऊ पडे, वाकडी होई. रोड्सपाशी तर ती अशी काही झुकली की एवान्थियाने तिला दोन्ही हातांनी कवटाळून धरलं.

"काळजी करू नका, वहिनी," धाकटा दीर स्त्रातिस म्हणाला. त्याने खलाशांकडून झाडूचा दांडा मागून आणला, मेणबत्तीला बांधला आणि वर ओला पंचा गुंडाळला. गाठी मात्र झकास मारल्या. तीस वर्षं बोटीवर स्वयंपाकी म्हणून काढली होती त्याने, आणि त्या तीस वर्षांचा हिशेब तो भेटेल त्याला ऐकवत असे. मार्सेय असं, अलेक्झांड्रिया तसं, हैफा तर काय, आपलं अंगणच.

"जेरुसलेम माहितीये ना नक्की?" एवान्थियाने निघण्यापूर्वी दहादा विचारलं होतं.

"तळहातासारखं! तुम्ही फक्त बसा, वहिनी. तारखा, तिकिटं, सगळं माझ्यावर सोडा."

तिने सोडलं. घरात दुसरा बाप्यामाणूस होता कोण? नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती.

हैफाच्या कस्टमवाल्यांनी तो लांबलचक गुंडाळा पाहिला आणि सगळ्यांना बाजूला करून एवान्थियालाच पुढे घेतलं. काय आहे हे? असं इंग्रजीत विचारलं. एवान्थियाला इंग्रजीतले दहा शब्द येत होते. त्यातले दोन तिने वापरले आणि सांगितलं, "माझी मुलगी." त्यापुढे अर्धा तास त्यांनी पंचा सोडला, दांडा सोडला, मेणात सुई खुपसून पाहिली. ती सुई आपल्याच अंगात गेल्यासारखी एवान्थिया कळवळली. स्त्रातिस त्या वेळी एका हमालाशी जुनी ओळख काढत उभा होता.

नवस साधा होता. दोन वर्षांपूर्वी मीर्सिनीच्या उजव्या कानाच्या वर, कवटीच्या आत गाठ निघाली. अथेन्सच्या इस्पितळात ऑपरेशनला पाच तास लागले. ते पाच तास एवान्थिया बाहेरच्या बाकावर पानागियाशी, म्हणजे देवाच्या आईशी, बोलत बसली होती. एका आईने दुसरीशी बोलावं तसं, आडपडदा न ठेवता. "तुझ्या मुलाचं काय झालं ते तुला माहीत आहे. माझ्या लेकीला सोड. लग्नाचा मुकुट तिच्या डोक्यावर चढण्याआधी मी जेरुसलेमला तुझ्या कबरीशी येईन. तुझ्या मरणाच्या सणाआधी तुला निजवतात त्या संध्याकाळी, चौदा ऑगस्टला, तिच्या उंचीची मेणबत्ती तुझ्यापाशी जाळीन." पोरगी वाचली. केस परत आले, त्यांच्याखाली व्रण लपला. लग्न ठरलं, पंचवीस ऑगस्टचा रविवार. मुलीला देवळापर्यंत हाताला धरून न्यायचं ते बापाच्या जागी काकाने, म्हणजे स्त्रातिसने. सोळा तारखेची परतीची बोट चुकवून चालणार नव्हतं.

मेणबत्ती घरी आली तेव्हा मीर्सिनी तिच्याशेजारी उभी राहिली, हसली आणि आपल्या व्रणाच्या उंचीला तिने नखाने मेणावर एक रेघ ओढली. "इथवर जळली की मी सुटले, आई."

"असलं बोलू नये," एवान्थिया म्हणाली होती. पण ती रेघ तिने पुसली नाही.

चौदा तारखेला दुपारी, घामाघूम होऊन, दोघं जेरुसलेमच्या गेथसेमनी बागेजवळच्या, पानागियाच्या कबरीच्या देवळात उतरली. चाळीसेक रुंद पायऱ्या, खाली अंधार, वर टांगलेले शेकडो दिवे. मेणबत्तीचं डोकं एवान्थियाच्या हातात, पाय स्त्रातिसच्या. आजारी माणूस उचलून न्यावं तशी ती दोघं तिला घेऊन आली, आणि खाली पाहतात तर एक माणूस नाही. एवान्थियाच्या डोळ्यांसमोर होतं ते म्हणजे फुलांनी मढवलेली पालखी, दाटीवाटीची बायामाणसं, रडक्या सुरात गाणारा पुजारी. इथे एक दाढीवाला साधू शिडीवर चढून दिव्यांच्या काचा पुसत होता.

"बघा," स्त्रातिस हळूच म्हणाला, "मी म्हटलं होतं ना, लवकर निघू. पहिला नंबर आपला."

एवान्थियाला मात्र काहीतरी खुपलं. "पातेर," तिने साधूला हाक मारली, "पानागियाला निजवायची पूजा किती वाजता?"

साधू ग्रीकच निघाला, क्रीटकडचा असावा. शिडीवरूनच म्हणाला, "कुठल्या दिवशी, बाई?"

"कुठल्या म्हणजे? आज! उद्या सण ना!"

तो हळूहळू खाली उतरला. हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "आज इथं ऑगस्टची पहिली तारीख. आजपासून पंधरा दिवसांचा उपास. सणाला अजून वेळ आहे."

स्त्रातिस मोठ्याने हसला. "पातेर, उन्ह लागलं का तुम्हाला? आज चौदा." आणि खिशातून त्याने रोड्सला घेतलेलं वर्तमानपत्र काढून साधूच्या नाकाखाली धरलं. "वाचा. छापलंय."

"तुमच्या पेपरात चौदाच असणार," साधू न चिडता म्हणाला. "इथं जुनं पंचांग चालतं. तुमच्या मागे तेरा दिवस. पानागियाला सत्तावीसला निजवतात, तुमच्या मोजणीने. सगळ्या जेरुसलेमला माहीत आहे हे."

एवान्थियाच्या गावातही जुन्या पंचांगाची दोन घरं होती. सगळं गाव जेवून तृप्त झालं की ती माणसं उपास धरून बसत, आणि सगळं गाव त्यांना हसे. लहानपणी ती स्वतः त्यांच्या दारासमोरून मुद्दाम भाजलेल्या मांसाचा तुकडा चघळत गेली होती. आता कळत होतं की खुद्द पानागिया त्यांच्या बाजूची निघाली. तळपायाची आग मस्तकात गेली तिची.

"भाऊजी," ती दातओठ खात म्हणाली, "हैफा किती वेळा आलात तुम्ही?"

"वीस-बावीस तरी."

"आणि जेरुसलेमला?"

स्त्रातिसने पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली. "बंदरातून... म्हणजे बोट दोन दिवसच थांबायची, वहिनी. इथवर यायला सवड कुठे मिळायची?"

"तळहातासारखं माहीत होतं ना! नुसता ताव मारत होतात बंदरातल्या खानावळीत! चौदा दिवस झाले, मी बीन्स आणि पाव खाऊन राहिले. माझ्या लेकीच्या जिवाचा नवस, आणि तो मी तुमच्या तोंडच्या वाफेवर सोडला. माझंच चुकलं. मी सोडला कसा?" तिचा आवाज त्या दगडी गुहेत घुमला आणि परत तिच्याकडेच आला. तिला रडू कोसळलं, आणि त्या रडण्याचाही राग आला.

साधूने सांगून पाहिलं. "बाई, आत्ता लाव ना. ती काय बहिरी आहे? आज ऐकेल, उद्याही ऐकेल."

"लावली तर किती वेळ राहील?"

साधू अवघडला. "एरवी आम्ही दोन-चार मिनिटांत काढून घेतो. जागा नसते, काजळी धरते. सणाच्या संध्याकाळी मात्र जळू देतो."

"मग इथे ठेवून जाते. सत्तावीसला तुम्ही लावा."

"इथे ठेवलेल्या शंभर आहेत, बाई. गर्दीत कुणाची कुठली, मी शपथेवर सांगू शकणार नाही. खोटं का बोलू?"

एवान्थियाने कबरीच्या संगमरवराकडे पाहिलं. "तू तरी सांगायचंस," ती म्हणाली, आणि हे साधूला नव्हतं. "मी दोन वर्षं रोज तुझ्याशी बोलतेय. चौदा ऑगस्ट, चौदा ऑगस्ट. एकदा तरी म्हणायचंस की नाही, अगं बाई, कुठला चौदा?" मग तिने मेणबत्तीचं डोकं उचललं. स्त्रातिसने पाय उचलले. चाळीस पायऱ्या चढून दोघं बाहेर आली.

यात्रेकरूंच्या धर्मशाळेत त्यांना दोन खोल्या मिळाल्या होत्या. एवान्थियाने मेणबत्ती आपल्या खाटेवर आडवी ठेवली आणि स्वतः खुर्चीत बसून राहिली. डोक्यात आकडेमोड चालू होती, आणि प्रत्येक वाट फिरून तिथेच येत होती. थांबावं तर पोरीचं लग्न आईविना. लग्न पुढे ढकलावं तर दोनशे माणसांना आमंत्रणं गेलेली, आणि जावयाची बोटीवरची नोकरी पहिल्या तारखेला सुरू. आत्ता लावून जावं तर दोन मिनिटांत विझलेला नवस. मीर्सिनीच्या डोक्यावर मुकुट चढताना आपल्या मनात काय येईल, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तेच तिला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा तारीख. गावी आता घंटा वाजत असतील, अंगणात शेगड्या पेटल्या असतील. स्त्रातिस गेले पंधरा दिवस ज्या एका दिवसाची वाट पाहत होता, तो हा. उपासातल्या प्रत्येक संध्याकाळी त्याने कोकराच्या मांडीचं वर्णन करून तिला वात आणला होता. तो खोलीत नव्हता. एवान्थिया त्याला शोधत दमास्कस वेशीपर्यंत गेली, आणि लांबूनच तिला दिसला. मांस भाजणाऱ्याच्या गाड्यासमोर उभा, हात पाठीशी बांधलेले. वा! इथेही पोटच पुढे, तिला वाटलं. चार शब्द सुनवायचेच या इराद्याने ती निघाली.

तो वळला. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेला पाव होता, मूठभर ऑलिव्ह आणि एक टोमॅटो.

"वहिनी, तुम्ही खाऊन घ्या काहीतरी," तो म्हणाला. "तुमचा उपास सुटला आज."

"आणि तुमचा?"

"माझा इथल्या पंचांगाने आज दुसरा दिवस."

तिला कळायला एक क्षण लागला. मग ती तिथेच एका दगडी पायरीवर बसली.

"असं कसं? पंचवीसला मीर्सिनीला देवळात..."

"तुम्ही न्या."

"मी? काळ्या कपड्यातली विधवा बाई नवरीला घेऊन जाणार? गाव काय म्हणेल?"

"गाव काय, बोलायला टपलेलंच असतं. दादा असता तर त्याने नेलं असतं. मी नुसता बदली माणूस. आणि इस्पितळाच्या बाकावर कोण बसलं होतं? मी तेव्हा नेपल्सला कांदे कापत होतो." त्याने ऑलिव्हची बी थुंकली. "रात्रभर विचार केला. चूक माझी आहे ना? मग सत्तावीसपर्यंत मेणबत्तीबरोबर मीच इथे बसतो. ती वाकली तर गाठी मारायला मीच लागणार."

"तेरा दिवस बीन्सवर? तुम्ही?" एवान्थिया म्हणाली. "तुम्ही शुक्रवार पाळत नाही धड!"

"त्याचं काय करायचं ते मी आणि ती बघून घेऊ," स्त्रातिस देवळाच्या दिशेने मान हलवत म्हणाला.

तिला त्याच्यावर अजून राग होता. तो काही एका ऑलिव्हने जाणारा नव्हता. तरी तिने हात पुढे करून त्याच्या पावातला अर्धा तुकडा मोडून घेतला आणि उपासातल्यासारखा, तेल न लावताच खाल्ला.

पंचवीसला तिने लेकीला देवळात नेलं. चुलत सासू तोंडावर हात ठेवून कुजबुजली, दोन म्हाताऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. एवान्थियाने कुणाकडे पाहिलं नाही. मुकुट चढवताना मात्र ती पानागियाच्या चित्राकडे इतकी टक लावून पाहत होती की मीर्सिनीने मान वळवून विचारलं, "काय गं?"  मेणबत्ती लागायला अजून दोन दिवस होते.

सत्तावीसची संध्याकाळ तिने टेलिफोनशेजारी काढली. फोन आला नाही. स्त्रातिसच्या नावाने तिने घर डोक्यावर घेतलं. झोपला असेल, खानावळीत बसला असेल, मेणबत्ती कुठेतरी विसरला असेल. अठ्ठावीसला दुपारी मीर्सिनी नवऱ्याबरोबर जेवायला आली असताना एकदाची घंटा वाजली.

"वहिनी!" आवाज घोगरा होता. "काल टपाल कचेरी बंद होती. लावली मी!"

"कुठे लावली? किती वेळ राहिली?"

"गर्दीत त्यांनी वाळूच्या परातीत खोचायला सांगितली. मी नाही खोचली. दुसऱ्यांच्या लगेच काढत होते ना! हातातच धरली, कबरीच्या अगदी तोंडाशी. आपले ते काचा पुसणारे पातेर आले, म्हणाले, 'पुरे, सोडा आता.' मी म्हटलं, 'हात लावून तर बघा.' भांडण झालं, वहिनी, देवळात. खोटं कशाला सांगू? एक रशियन बाई माझ्या बाजूने होती. सगळं मेण हातावर ओघळलं, फोड आलेत."

"ते जाऊ द्या. किती जळली, भाऊजी? किती?"



"पोरीने नखाने ओढलेली रेघ होती ना," स्त्रातिस म्हणाला, "तिच्या खाली दोन बोटं. तिथवर मी सोडलीच नाही. मग विझवू दिली."

एवान्थियाने रिसीव्हर कानाशी तसाच धरून ठेवला. मीर्सिनी पाव कापत तिच्या शेजारी उभी होती. एवान्थियाने दुसरा हात तिच्या केसांत घातला, उजव्या कानाच्या वर, आणि बोटांनी तो गुळगुळीत व्रण शोधून काढला.

"काय झालं, आई? काका काय म्हणतायत?"

"काही नाही," एवान्थिया म्हणाली. तिने हात काढला नाही. "म्हणतायत, भूक लागलीय."