तेलपाणी केलेला फ्लॉपी ड्राइव्ह

माझ्या धाकट्या जावेचं भरतकामाचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. एक मोठं भरतकामाचं यंत्र, त्याला जोडलेला जुनापुराणा संगणक आणि खिडकीशी माझी खुर्ची. नक्षी ती काढायची, संगणक यंत्राकडून ती भरून घ्यायचा आणि कापडामागचे लोंबते धागे कापायचं काम माझं. सुना म्हणून आम्ही या घरात आलो, म्हाताऱ्या मात्र या खोलीत झालो.

एके दिवशी तो संगणक बसला. तिच्या मुलानं, म्हणजे माझ्या पुतण्यानं, उघडून पाहिलं.

"हार्ड डिस्क गेलीय. दुसरी घालतो, पण तिच्यावर सगळी सिस्टिम नव्यानं टाकावी लागेल. नाही जमलं तर आई, यंत्र विकून टाकू. नव्या संगणकाला ते जोडताच येत नाही."

जाऊ माझ्याकडे वळून म्हणाली, "मग ताई, तुम्ही रोज सकाळी काय करणार?"

ती स्वतःबद्दल विचारत होती, हे मला कळलं.

पुतण्या रविवारी येऊन बसला. त्यानं खिशातून पेनड्राइव्ह काढला. तो लावायला मागे कशीबशी एक जागा सापडली, पण संगणकाला त्याची ओळखच नव्हती. सुरू होताना तो दोनच ठिकाणी बघायचा, आधी फ्लॉपीत आणि मग हार्ड डिस्कवर. सीडीचा खण होता, पण तिथून सुरुवात करायची त्याची तयारी नव्हती.

"म्हणजे आधी फ्लॉपीनं याला उठवायचं, मग तिनंच सीडीकडे न्यायचं," पुतण्या म्हणाला.

"तुलाही शाळेसाठी असंच उठवावं लागायचं," जाऊ म्हणाली. "आधी मी, मग तुझे बाबा."

ऑफिसच्या अडगळीतून एक फ्लॉपी ड्राइव्ह पैदा करून, त्यावर फ्लॉप्या तयार करून त्यानं आणल्या होत्या. आमच्या संगणकानं पहिली आत घेतली, खर्र खर्र केलं आणि वाचता येत नाही म्हणून सांगितलं. दुसरीचंही तेच.

"हा ड्राइव्हच गेलाय, काकू." त्यानं तो काढून वर्तमानपत्रावर ठेवला आणि ऑफिसातला बसवला.

आता फ्लॉपी चालली. सीडी फिरू लागली. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलानं पुढे सरकत होती आणि आम्ही तिघं चहा पीत तिच्याकडे बघत होतो. संध्याकाळी संगणक उभा राहिला. यंत्राची सुई वरखाली झाली, तशी जावेनं माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

मग तिनं नक्ष्यांची पहिली फ्लॉपी घातली. वाचता येत नाही. दुसरी घातली, तिसरी घातली. डबा रिकामा झाला. शाळांचे बिल्ले, उशीच्या अभ्र्यांवरच्या वेली, टॉवेलांवरची हंसांची जोडी, एकेक टाका मांडून तिनं काढलेलं सगळं त्या डब्यातच होतं. दुसरीकडे कुठेच नव्हतं.

"जुन्या झाल्या गं फ्लॉप्या," पुतण्या हळूच म्हणाला.

तिनं यंत्रावर चादर टाकली, कडा नीट खोचल्या. "विकून टाक. हे डोळे आता पुन्हा थोडेच काढणार आहेत सगळं?"

पुतण्या पसारा आवरू लागला. जुना ड्राइव्ह कचऱ्याच्या पिशवीत टाकायला उचलला, तर बोटांना काहीतरी चिकट लागलं. त्यानं वास घेतला. "तेल? यात कोण तेल घालतं?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. या घरात तेल घालणारा माणूस एकच होता, तिचा नवरा. कात्री, बिजागऱ्या, शिलाई मशीन, भावजी होते तोवर दिसेल त्याचं तेलपाणी करायचे. संगणक नवा होता तेव्हा हा ड्राइव्ह कुरकुरतो म्हणून त्यांनी तो उघडला, आतले स्क्रू ढिले केले, तेल सोडलं आणि स्क्रू परत आवळले. "बघा वहिनी, कसा गप्प झाला." तेव्हापासून लोकांच्या फ्लॉप्या आमच्याकडे चालेनात आणि आमच्या फ्लॉप्या लोकांकडे. भावजी म्हणायचे, लोकांच्याच खराब असतात. गिऱ्हाइकं नक्षी कागदावर आणून देऊ लागली आणि आम्हीही ते विसरून गेलो.

मी हे सांगितलं तेव्हा पुतण्यानं ड्राइव्ह उजेडात धरून पाहिला.

"यात वाचणारं डोकं असतं, काकू. बाबांनी ते जरासं सरकवलं. मग यानं जे लिहिलं ते सगळं थोडं बाजूला. दुसऱ्या कुणाला ते वाचताच येणार नाही."

"आणि दुसऱ्याचं याला पटणार नाही," जाऊ म्हणाली. "बापच तुझा."

त्यानं जुना ड्राइव्ह परत बसवला. खर्र खर्र झालं आणि पडद्यावर हंसांची जोडी आली. एकाची मान जरा आखूड. गिऱ्हाईक फार घाई करत होतं त्या दिवशी.

जावेनं चादर ओढून काढली.

"सगळं हार्ड डिस्कवर उतरवून घेतो," पुतण्या म्हणाला. "मग याची गरजच नाही. हवं तर डोकं सरळ करून देतो."

"हात लावू नकोस त्याला. राहू दे तसाच."

"अगं, पण कुरकुरतोय."

"कुरकुरू दे." मग ती माझ्याकडे वळली. "ताई, कात्री घ्या. आणि ती तेलाची बाटली आधी उचलून ठेवा, या पोराच्या हाती लागायच्या आत."