मागून येणारा ठेका

बाईंनी तिसरा मार्चही अर्ध्यातच तोडला. हातातली पट्टी बाकावर आपटत त्या म्हणाल्या, "थांबा, थांबा. हा नको."

"मग कुठला, बाई?" क्लॅरिनेटवाल्या मुलीने विचारलं. तिला सगळे 'शंका' म्हणत, कारण तिच्याकडे सदा एक तरी असायचीच.

"ठरवतेय ना! जरा दम धरा."

खरं तर दम बाईंनाच धरवत नव्हता. शहराचं संचलन या शनिवारी होतं आणि अजून मार्चचा पत्ता नव्हता. पहिला त्यांनी सोडला तो फार रडका म्हणून. दुसऱ्याला चार ट्रम्पेट लागत होते आणि शाळेकडे होता एकच. तिसऱ्यात मात्र तसं काहीच वावगं नव्हतं. तो वाजत असताना बाईंच्या कानात मागून कुठूनतरी दुसरेच ढोल वाजायला लागले, एवढंच.

गेल्या वर्षी तेच झालं होतं. संचलनात पुढे त्यांचा तेरा जणांचा बँड आणि लगेच मागे मोठ्या शाळेचा शंभरेक जणांचा. पाहुण्यांच्या मंडपासमोरच मागच्या ढोलांचा असा काही दणका आला, की पोरांची पावलं आपला ठेका सोडून त्या ठेक्याला लागली. तोंडात एक मार्च आणि पायांत दुसरा. ट्रम्पेटवाला मुलगा, ज्याला सगळे 'भोंगा' म्हणत, तो तर पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळला. लोक पोट धरधरून हसले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून अगदी गोड आवाजात सांगितलं, "आणखी एक वर्ष बघू. पुन्हा असंच झालं तर बँड बंद करू. गाडीवर स्पीकर लावला तरी भागतं."

आणि तो मोठा बँड बसवणारी दुसरीतिसरी कुणी नव्हती, बाईंची सख्खी थोरली बहीण होती.

संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता बाईंनी तिला फोन लावला. आई ताईकडे राहायची, त्यामुळे निमित्त शोधावं लागलं नाही.

"आईचा गुडघा काय म्हणतोय?"

"ठणकतोय. तेवढ्यासाठी फोन केलास?"

"मग आणखी कशासाठी करणार?"

"नाही, म्हटलं, तुझा मार्च ठरला का?"

"कधीच ठरला!" बाईंनी ठोकून दिलं.

"कुठला गं?"

"कळेल की शनिवारी."

पलीकडून ताई म्हणाली, "हे बघ ठमे, गेल्या वर्षी जे झालं ना..."

"ते उकरून काढू नकोस. आमचं आम्ही बघून घेऊ."

फोन ठेवला आणि बाई स्वतःवरच चरफडल्या. तुम्ही काय वाजवणार आहात, किती भरभर चालणार आहात, एवढंच तर विचारायचं होतं. पण जीभच रेटली नाही. घडी घातलेला शर्ट त्यांनी उगाचच उलगडला आणि पुन्हा घडी घालायला घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकदाचं ठरवून टाकलं. ताई मार्च निवडणार तो घाईचाच, यात शंकाच नव्हती. ती जेवायला बसली तरी गाडी चुकत असल्यासारखी जेवायची. मागून तोच वेग येणार असेल, तर आपणही त्याच वेगाचा मार्च घ्यावा. दोन्ही ठेके एक झाले की पावलं चुकतील कशाला? यात सपशेल शरणागती होती, हे बाईंना कळत नव्हतं असं नाही. पण बँड बंद पडण्यापेक्षा ते परवडलं.

मग मैदानावर रोज तालीम सुरू झाली. पोरं पुढे आणि बाई मागे, पत्र्याचा डबा बडवत, ताईच्या वेगाने. मोठा ढोल होता गट्टूकडे. ती बँडमधली सगळ्यांत बुटकी मुलगी, पण त्या ढोलाला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

"बाई, चालायचंय की पळायचंय?" तिने धापा टाकत विचारलं.

"चालायचंयच. पण भरभर."

"म्हणजे पळायचंच ना!" भोंगा म्हणाला. सगळे हसले. बाईंना काही हसू आलं नाही.

शनिवारी संचलन निघालं आणि पहिल्याच चौकात मागून ताईच्या ढोलांनी अंगावर काटा आणला. पण पोरांची पावलं ढळली नाहीत. अंदाज बरोबर होता, वेग तोच होता. बाईंना हायसं वाटलं, ते जेमतेम पुढच्या वळणापर्यंत. कारण पावलं जुळली तरी दम कुणालाच पुरत नव्हता. ट्रम्पेटचा सूर मधेमधे तुटत होता. शंकाचं तोंड लालभडक झालं होतं. मागच्या दणक्यात ते कुणाला ऐकू जात नव्हतं, हे नशीबच म्हणायचं.

पोरं मंडपाच्या रस्त्याला वळली, तोच मागचे ढोल थांबले.

बाईंनी चटकन वळून पाहिलं. ताई आपल्या बँडच्या पुढे एक मूठ उंच धरून चालत होती. मागे शंभर पोरं, वाद्यं छातीशी धरलेली, चिडीचूप. ताईने बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाईंची कानशिलं तापली. उपकार! कुणी मागितले होते? आणि तेही इथे, ऐन मंडपाच्या तोंडाशी! आता तो फाटक्या आवाजाचा ट्रम्पेट, तो धापा टाकणारा क्लॅरिनेट, सगळं साऱ्या गावाला स्वच्छ ऐकू येत होतं. त्यांना ताईचा मनस्वी राग आला.

रागातच त्या चार पावलं चालल्या असतील, तेव्हा त्यांना आणखी एक आवाज जाणवला. मागच्या पावलांचा. शंभर जणांचे बूट एकदम पडत होते, आणि पडत होते ते गट्टूच्या ढोलाच्या ठेक्यावर.

बाई गट्टूच्या शेजारी गेल्या. "हळू कर."

"काय?"

"ठेका हळू कर. तुला चालवेल इतका."

"मागचे येऊन आदळतील ना, बाई!"

"आदळू देत. तू वाजव."

गट्टूने काठी जराशी लांबून आणली, मग आणखी जराशी. भोंग्याला मधे श्वास घ्यायला जागा मिळाली आणि त्याचा सूर सलग निघाला. शंका आपोआप त्याच्यामागे आली. इतके दिवस धावत सुटलेला मार्च एकदम भारदस्त वाटायला लागला. पण बाईंचा जीव सगळा पाठीमागे होता. मागे पावलं अडखळली, रांगांमधून खसफस झाली, कुणीतरी कुणाच्यातरी टाचेवर पाय दिला. मग ते सगळे बूट पुन्हा एकदम पडले. सावकाश.

बाईंनी मान वळवली. ताई पावलं आखडून चालत होती. तिची नजर गट्टूच्या काठीवर खिळलेली होती आणि ओठ हलत होते. मोजत होती ती, शाळेत पहिल्यांदा कवायतीला उभ्या केलेल्या पोरीसारखी.

मंडप आला. पाहुणे उठून उभे राहत होते.

"अशीच वाजव," बाई गट्टूला म्हणाल्या. "काही घाई नाही."