माझ्या पोटातला पुठ्ठा

मी एक जुना बूट आहे, डाव्या पायाचा. लोक आमच्याबद्दल नेहमी जोडीनेच बोलतात, त्यामुळे माझं वेगळं म्हणणं काय आहे हे आजवर कुणी विचारलेलं नाही. उजवा माझा जोडीदार. त्याला कशाचंच काही वाटत नाही. 'झालं गेलं, सोडून दे आता,' असं तो माळ्यावरच्या पिशवीत पडल्या पडल्या मला सांगत असतो. मी सोडणार नाही. मित्रांनो, माझा वापर करून एका सहा वर्षांच्या मुलीला फसवलं गेलं, आणि तेही तिच्या घरच्यांनी, हसत हसत. हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे बायका ओळीने शिवणयंत्रांवर बसायच्या. मला शिवणाऱ्या बाईचा चष्मा नाकावर घसरलेला असायचा आणि तोंड शेजारणीशी बोलण्यात गुंतलेलं, पण तिची शिवण कधी वाकडी गेली नाही. लाल चामड्याचे तुकडे जोडून झाल्यावर मला एका लाकडी पायावर चढवून चांगलं ठोकून काढलं, खाली तळ चिकटवला आणि मग एका माणसाने त्या तळावर मापाचा आकडा दाबला. चटका बसला, पण मी हूं की चूं केलं नाही, कारण मला त्या आकड्याचा अभिमान वाटला. आकडा म्हणजे बुटाने दिलेला शब्द. या मापाचा पाय असेल तर मी बोचणार नाही आणि निसटणारही नाही, असं तो आकडा गिऱ्हाइकाला सांगतो. माझ्या आयुष्यात मी तो शब्द मोडला नाही. मोडला तो दुसऱ्यांनी.

दुकानात मला चिमीने निवडलं. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण घरात सगळे चिमीच म्हणतात, मीही तेच म्हणतो. दुकानदाराने माझं टोक अंगठ्याने दाबून पाहिलं, 'वर्षभर बघायला नको,' असं तिच्या आईला सांगितलं, आणि चिमी जी आरशासमोर जाऊन उभी राहिली ती हलेचना. माझी पट्टी उघडताना चर्रकन आवाज व्हायचा. तो आवाज तिला इतका आवडायचा की वर्गात बाईंनी दोनदा रागावून झालं तरी ती खाली वाकून पट्टी उघडायची आणि लावायची. शाळा, मैदान, जिना, डबकं, सगळीकडे मी गेलो. संध्याकाळी ती आम्हाला स्वतः फडक्याने पुसायची. आधी उजव्याला पुसायची, हे मला आवडत नसे, पण ते घरातलं भांडण होतं.

मग बाबांची रजा मंजूर झाली. त्या घरात ही मोठीच गोष्ट होती. बाबा ज्या कचेरीत काम करायचे तिथे रजा मागितली की साहेबाच्या कपाळावर आठ्या पडायच्या. कसेबसे तीन दिवस मिळाले, आणि त्या तीन दिवसांवर चौघांनी झडप घातली.

जायचं होतं त्या समुद्रकाठच्या गावात दोन पार्कं होती. दोघांचं एकमेकांशी जराही पटत नसे. एकाने रस्त्यावर फलक लावला होता, 'खरी मजा इथेच!' त्याच्या पुढच्याच वळणावर दुसऱ्याचा फलक होता, 'खोट्या मजेला भुलू नका!' नवं पार्क म्हणजे उंच पाळणे, गरगरणाऱ्या खुर्च्या आणि किंकाळ्या. जुन्या पार्कात एक मोठं तळं होतं आणि त्यात पायाने चालवायच्या बदकांच्या होड्या. मागच्या सुट्टीत चिमी आईच्या शेजारी होडीत बसली होती. तेव्हा बाबांनी तिला सांगितलं होतं, 'पुढच्या वेळी तू एकटी चालव.' बाबा ते विसरले. चिमी वर्षभर जिन्याच्या पायरीवर बसून हवेत पाय मारायचा सराव करत होती. मी तिच्या पायात होतो, मला माहीत आहे.

वाटाघाटी जेवणाच्या टेबलावर झाल्या. चिमी बाहेरून आल्या आल्या तशीच जेवायला बसली होती, त्यामुळे मी टेबलाखालून सगळं ऐकलं.

"अडीच दिवस नवं, अर्धा दिवस जुनं," दादा म्हणाला. तो तेरा वर्षांचा होता आणि आपण घरात तिसरे मोठे आहोत असं त्याला वाटायचं.

"तिन्ही दिवस बदकं!" चिमीने टेबलाखालून त्याला लाथ मारली. मारायला मीच होतो, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

"अर्ध्याबिर्ध्याचं नावच काढू नका," आई म्हणाली. "एक पार्क गावाच्या या टोकाला, दुसरं त्या टोकाला. अर्धी सुट्टी बसमध्ये जाईल."

शेवटी ठरलं ते असं. पहिला दिवस नव्या पार्काचा, म्हणजे दादाचा. दुसरा जुन्याचा, म्हणजे चिमीचा. तिसऱ्याचं तिकडे गेल्यावर बघू. बाबांनी टेबलावर हात आपटून सांगितलं, "ठरलं म्हणजे ठरलं." चिमी त्या रात्री आम्हाला उशाशी घेऊन झोपली.

आता ऐका. गावी पोचल्यावर, हॉटेलच्या खोलीत, बाबा नव्या पार्काचं माहितीपत्रक वाचत बसले. त्यात लिहिलं होतं की बऱ्याच पाळण्यांवर ठराविक उंचीपेक्षा कमी असलेल्या मुलांना बसता येणार नाही. बाबांनी चिमीला कपाटाच्या दाराला टेकून उभं केलं आणि मोजलं. दोन बोटं कमी भरली.

"म्हणजे तुला हिच्याबरोबर खालीच थांबावं लागणार," बाबा आईला म्हणाले. मग त्यांनी बॅगेतून नवा शर्ट काढला, त्याच्या घडीत असतो तो पुठ्ठा ओढून काढला, माझा तळ त्यावर ठेवून पेनाने रेघ मारली आणि नखं कापायच्या कात्रीने कापायला बसले. पुठ्ठ्याचे थर माझ्या पोटात कोंबले. टाचेखाली मोज्याची घट्ट गुंडाळी. उजव्याची तीच गत.

"अहो, हे काय चाललंय?" आईने विचारलं.

"दोन बोटांचा तर प्रश्न आहे," बाबा म्हणाले.

आई गप्प बसली. माझा तिच्यावरही राग आहे.

बाबा चिमीवर जीव टाकतात, हे मला कुणी सांगायला नको. मी त्यांच्या मायेविरुद्ध तक्रार करत नाही, पुठ्ठ्याविरुद्ध करतो. त्यांनी चिमीला आमच्यात उभं केलं आणि म्हणाले, "बघ! एका रात्रीत मोठी झालीस की नाही?" पोरीचा आनंद गगनात मावेना. आरशासमोर जाऊन ती वळून वळून बघत होती. तेवढ्यात बाबा हसत म्हणाले, "आता एवढ्या मोठ्या मुली काय बदकांवर बसतात?"

तिचं हसू तसंच राहिलं, पण माझ्या आत तिची बोटं आखडली. ती गोष्ट वरून कुणाला दिसली नाही.

नव्या पार्काच्या दारात एक लाकडी अस्वल पंजा पुढे करून उभं होतं. त्या पंजाला डोकं टेकलं तरच मोठ्या पाळण्यांत बसू द्यायचे. चिमीचं डोकं टेकलं. दारावरच्या माणसाने तिच्या मनगटाला हिरवी पट्टी बांधली आणि "शाब्बास" म्हणाला. शाबासकी कसली? पुठ्ठ्याची! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला जर तोंड असतं तर मी तिथेच बोंब मारली असती.

त्या दिवशी चिमी पाच-सहा पाळण्यांत बसली. प्रत्येक पाळण्यात तिने डोळे गच्च मिटले आणि बाबांचा हात धरून ठेवला. पुठ्ठ्याची कड तिच्या टाचेला घासत होती. दुपारी टाच सोलवटली, संध्याकाळी मोजा चिकटला. ती लंगडायला लागली तेव्हा दादा म्हणाला, "नाटकं नकोत हं चिमे." ती नाटक करत नव्हती, मित्रांनो. त्या सगळ्या कुटुंबात ती एकटीच नाटक करत नव्हती.

रात्री बाबांनी विचारलं, "काय, मजा आली ना?"

"आली," चिमी म्हणाली. समोरचा माणूस इतक्या आशेने विचारतो तेव्हा लहान मुलं दुसरं काय बोलणार?

"बघा!" बाबा टाळी वाजवून म्हणाले. "तिलाही हेच आवडलं. मग उद्याही इथेच. उगाच दुसऱ्या टोकाला कशाला जायचं?" दादाने उडी मारली. चिमीने काही बोलायला तोंड उघडलं, आईकडे पाहिलं आणि मिटलं. आई कपडे वाळत घालत होती. अशा रीतीने, एकही वाद न होता, चिमीचा दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी दादाला सगळ्यात उंच पाळण्यात बसायचं होतं. त्याच्या खुर्च्यांना खाली काहीच नाही, पाय अधांतरी लोंबकळत ठेवायचे. निळी टोपी घातलेली एक ताई तिथे सगळ्यांना बसवत होती.

"बूट-चपला काढून या खोक्यात ठेवा."

"हिचे राहू देत," बाबा घाईघाईने म्हणाले. "घट्ट आहेत."

"नाही काका, सगळ्यांनी काढायचे."

चिमी आज्ञाधारक मुलगी. तिने चर्रकन माझी पट्टी उघडली, पाय बाहेर काढला आणि मला खोक्यात ठेवायला उचललं. मी तिरका झालो आणि माझ्या पोटातला सगळा ऐवज फरशीवर सांडला. पुठ्ठ्याचे तुकडे, मोज्याची गुंडाळी, सगळं. त्यावर चिमीने काय केलं असेल? हे लपवायचं असतं, असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने दोन्ही बुटांतले तुकडे गोळा केले, फरशीवर नीट एकावर एक रचले आणि सोललेल्या टाचांनी त्यावर उभी राहिली.

"आता मी मोठी आहे," ती त्या ताईला म्हणाली.

रांगेतले लोक खो खो हसले. ताई हसली नाही. तिने चिमीला उचलून खुर्चीत बसवलं आणि अंगावरचा दांडा खाली ओढला. दांडा आणि चिमीचं पोट यांच्यामध्ये मी आडवा सहज मावलो असतो.

"बघितलंत काका? वर गेल्यावर ही यातून निसटली असती."

"काल दिवसभर बसली की. काही झालं नाही," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"काल झालं नाही म्हणून आज मी बसवू?" ताईचा आवाज चढला. "घेऊन जा तिला. लवकर."

चौघं रांगेतून उलटे बाहेर आले. लोक अजून हसत होते. बाहेर बाकावर बसल्यावर बाबांनी मला हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाले, "हे बूटच बेकार निघाले." म्हणजे बेकार मी! ज्याने वर्षभर त्या पोरीच्या पायाला खडा टोचू दिला नाही, तो मी बेकार! आणि दादा चिमीवर खेकसला, "तुझ्यामुळे गेली आमची राइड."

चिमी म्हणाली, "पण मी काल मोठी होते."

आईने तिचा पाय मांडीवर घेतला, मोजा हळूच सोडवला आणि टाच पाहिली. मग तिने मान वर केली.

"आजचा दिवस तिचा होता," ती म्हणाली. "तुम्ही शब्द दिला होतात. आणि मी समोर बसून बघत राहिले."

बाबांनी हातातला बूट, म्हणजे मला, हळूच खाली ठेवलं. "उद्या बदकं," ते म्हणाले. "दिवसभर." दादाने तोंड उघडलं, पण बहिणीची टाच पाहून त्यानेही मिटलं.

इथे ही गोष्ट गोड झाली असं तुम्हाला वाटेल. उजव्याला अजून तसंच वाटतं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी, सगळे उठायच्या आधी, चिमी मला आणि उजव्याला घेऊन न्हाणीघरात गेली. तिथला मऊ कागद तिने ओढून काढला, हाताने चेपून चेपून त्याचे गोळे केले आणि आमच्या पोटात भरले. दुखऱ्या टाचा त्यावर ठेवल्या आणि तोंड वाकडं करत पट्टी लावली.

बाबा तिला शोधत आले. ती नेहमीपेक्षा उंच दिसत होती, त्यांच्या लक्षात आलं. ते खाली बसले, माझी पट्टी उघडली आणि कागदाचा गोळा बाहेर काढला.

"हे कशाला गं? बदकांवर बसायला उंची नाही लागत."

"मला माहितीये," चिमी म्हणाली. "पण तुम्हाला लागते ना."

बाबांनी माझ्या आत हात घालून कागदाचा एकेक कपटा काढला, अगदी टोकापर्यंत बोटं घालून. उजव्यातलाही काढला. चिमीला जवळ घेऊन ते काहीतरी म्हणाले, पण त्यांचं तोंड तिच्या केसांत होतं, त्यामुळे मला ते शब्द कळले नाहीत. तिला कळले की नाही, कोण जाणे.

त्या दिवशी तिने होडी एकटीने चालवली. छान चालवली. बाबा काठावरून तिच्याबरोबर चालत होते. तरी माझा राग गेला नाही, कारण एक दिवस परत देता येतो, पण त्या सकाळचं तिचं बोलणं परत घेता येत नाही.

मित्रांनो, सुट्टीचे दिवस वाटताना भांडा, खुशाल लाथा मारा. पण जो दिवस लहानाच्या वाट्याला येईल तो त्याला द्या. तो दिवस आपल्याकडे ठेवता यावा म्हणून त्याला ओढून ताणून मोठं करू नका. आणि आमच्यासाठी एवढंच करा. वापरून झालं की पुसून कोरड्या जागी ठेवा, आणि बुटात पायाखेरीज काही घालू नका.