सुभेदारांचे बूट

वीरधवल हॉस्पिटलात शिरला तो प्रचाराला आल्यासारखा. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोळ्यांवर गॉगल, मागे कार्यकर्ते. बाप, निवृत्त सुभेदार नाथाजी, बाहेर जीपमध्ये बायकोच्या, बनुबाईच्या, मांडीवर डोकं टाकून कण्हत होता. त्याला उतरवायचं सोडून चिरंजीव डॉ. ज्ञानदापुढे हात जोडून उभे. वाईला नदीघाटावरच्या देवळांत वाढलेल्या ज्ञानदाला नमस्कारांची पारख होती. हा मतदाराला घालायचा नमस्कार होता.

"आबांना जरा ताप हाय, म्याडम. भारीतलं इंजेक्शन ठोका."

तिने सुभेदारांना आत खाटेवर आणवलं आणि पायावरची चादर उचलली. उसाच्या बुडख्याने फाटलेला तळवा पुवाने भरला होता, सूज पोटरीपर्यंत चढली होती आणि घोट्याभोवती बुटाच्या नाडीचे वळ उमटले होते.

"या पायात बूट कोणी घातला?"

वीरधवल छताकडे बघू लागला. उत्तर बनुबाईने दिलं. "कारखान्याची विलेक्शन हाय न्हवं. सुभेदार चपलीत शोभत न्हाई म्हनला ह्यो. दोघांनी दाबून बूट घातलं आन् स्टेजवर हुबा केला."

"आई, गप गं! आबाच म्हनलं, फौजी हाय, सोसतो."

ज्ञानदाने जखम साफ केली, अँटिबायोटिक आणि सलाईन सुरू केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी थर्मामीटरचा पारा खाली आलेला पाहून वीरधवलने बाहेरच्या कार्यकर्त्यांना हाळी दिली.

"उतरला रं ताप! गुंडा, जीप लाव. साताऱ्याच्या सभेत आबांना नुस्तं गाडीत बसवून दावू. मान्सं हेलावत्यात."

ज्ञानदाने सुभेदारांचा हात धरला. गारढोण. नखं निळी. रक्तदाबाचा काटा बघवेना.

"ताप उतरला नाही. अंग गार पडतंय. हा शॉक आहे."

"पर जंतू मेलं का न्हाई?"

"मरताहेत."

"मग?"

"तुम्ही उपसा सिंचन संस्थेचे चेअरमन ना?"

बाप मरणाच्या दारात असताना चेअरमनसाहेबांची छाती फुगली. "व्हय. दोन टर्म."

"मग कळेल. जंतू दिसले की पांढऱ्या पेशी निरोप सोडतात. सायटोकाइन म्हणतात त्या रेणूंना. जखमेजवळच्या रक्तवाहिन्यांचा व्हॉल उघडा, तिथं रक्त जाऊ दे, एवढाच तो निरोप. बारक्या जखमेला तेवढं पुरतं. इथं जंतू रक्तात गेले आणि निरोप अंगभर पोचला. सगळ्या शिवाराचे व्हॉल एकदम उघडले, पाइपही पाझरायला लागले. मोटर चालू आहे, पण दाब नाही. टोकाच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. मूत्रपिंड, मेंदू, सगळं कोरडं पडत चाललंय. आणि जंतू मेले तरी सुटलेला निरोप लगेच परत फिरत नाही."

"मग त्यो निरोपच बंद करायचं औषध मागवा की."

"परदेशात प्रयोग झाले. त्यानं जास्त माणसं वाचली नाहीत."

"मुंबईत आपली वळख हाय, म्याडम. एक फोन टाकतो."

ज्ञानदाने सलाईनचा वेग वाढवला. हा गृहस्थ रक्तातल्या पेशींनाही मंत्र्याची चिठ्ठी दाखवायला निघाला होता.

"आवं डाक्टरीणबाई," बनुबाईने विचारलं, "बूट घालायच्या आदी आनलं असतं, तर?"

"जखमेतच आवरलं असतं, बहुतेक."

बनुबाईने मान वळवून लेकाकडे पाहिलं. वीरधवलला तेवढ्यात बाहेर कोणीतरी भेटायला आलं.

दाब चढवायचं औषध लावलं, दिवसभर वाढवत नेलं. लघवी थांबली ती थांबलीच. दिवेलागणीला सुभेदार गेले.

वीरधवल कार्यकर्ते जमेपर्यंत थांबला आणि मग रडला. रडून झाल्यावर त्याने डोळे पुसले.

"गुंडा, वर्दी आन् बूट आन. आबांना इतमामात न्यायचं. फोटोवाल्याला आत घे."

वर्दी चढली. बूट काही चढेना. सुजलेला पाय आत जात नव्हता आणि गुंडा घाबरून मालकाकडे बघत होता.

"बघतोस काय? दाब!"

बनुबाई उठली. तिने गुंडाच्या हातातला बूट हिसकावला आणि लेकाच्या छातीवर आदळला.

"तूच घाल. आन् चढ स्टेजवर. माज्या मालकाच्या पायाला आता हात लावशील तर बघ."

गुंडा मागे सरला. कोणी पुढे होईना. ज्ञानदाने फोटोवाल्याला दाराबाहेर काढलं. वीरधवलला काढावं लागलं नाही. बूट काखेत मारून तो फोटोवाल्याच्या मागोमाग निघाला.