चार बोटांचं पाऊल

आंबेगाव तालुक्यात युद्धनौका आली ती ट्रेलरवर बसून. मंचरच्या चौकात वायरमन लांब बांबूंनी तारा वर उचलून धरत होते आणि खालून ‘रणगंगा’ तुकड्या-तुकड्यानं पुढं सरकत होती. घोडेगावात बायकांनी तिच्या गंजलेल्या पत्र्याला हळदीकुंकू लावलं, पोरांनी सेल्फी काढले, आणि एका म्हाताऱ्यानं, आता ही धरणात सोडणार का, असं अगदी गंभीरपणे विचारलं. हसू नका. त्या बिचाऱ्यानं जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता, आणि बोट कोरड्या माळावर ठेवायची असते हे कुणाच्या डोक्यात येणार?

हा उद्योग बाजीरावचा. उमेदीची वर्षं नौदलात काढून गावी परतलेला माणूस. आपली बोट भंगारात निघाली हे कळल्यावर त्यानं मुंबईला इतके खेटे घातले, की शेवटी तिथले साहेब लोक कंटाळले आणि बोटीचा मधला भाग त्यांनी त्याच्या पदरात टाकला. वर सुकाणूची केबिन, खाली इंजिनरूम. धरणाच्या काठी, चुलत्याच्या माळावर, सिमेंटच्या ओट्यावर तो भाग पुन्हा जोडायचं काम सुरू झालं. गंज खरवडायचा, रेड ऑक्साइड मारायचं, वरून करडा रंग द्यायचा. वेल्डिंगला पिंपरी पेंढारचा राजरत्न होता. शाळांच्या सहली याव्यात, बोटीवर माणसं कशी राबायची ते पोरांना दिसावं, म्हणून बाजीरावनं जुन्नरच्या गेणू मूर्तिकाराकडून फायबरचे पुतळेही करून घेतले. गेणूचा हात गणपतीवर बसलेला. त्यानं खलाशांचे गालही चांगले भरून काढले होते.

पुतळ्यांचे कपडे शिवायचं काम मंगलकडं आलं.

मंगलचं शिलाई मशीन घोडेगाव स्टँडमागच्या गाळ्यात होतं. राहायची वर डोंगरातल्या वाडीत, सासूबरोबर. रोज एसटीनं ये-जा. तिचा नवरा नवनाथ याच रणगंगेवर इंजिन मेकॅनिक होता, बाजीरावच्या बरोबरीचा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एकदा वादळात तो जरा हवा खायला म्हणून इंजिनरूममधून वर आला आणि लाटेनं त्याला नेलं. प्रेत मिळालं नाही. याला आता तीस-पस्तीस वर्षं झाली असतील.

प्रेत नसलं की त्यांच्या वाडीत पळसाच्या पानांचा माणूस करायचे. भावकीतला जाणता त्याच्या कानाशी मेलेल्याचं नाव घ्यायचा, ये, इथं बस, म्हणायचा, आणि मग त्याला अग्नी द्यायचे. नवनाथचाही केला होता. जाणत्यानं नाव घेतलं, ये म्हणाला, आणि नेमकी त्याच वेळी नवनाथची आई, अंबाबाई, धावत आली. तिनं तो पानांचा माणूस उचलला, पान न् पान तोडलं आणि ओढ्यात भिरकावलं. माझा ल्योक जित्ता हाय, म्हणाली. पुढं तिच्यासमोर तो विषय काढायची कुणाची छाती झाली नाही.

यात मंगल मात्र अधांतरी लटकली. कुंकू पुसलं नाही, मंगळसूत्र उतरलं नाही, आणि नवरा तर नाही. हळदीकुंकवाला बोलावणं यायचं, पण ओटी भरायची वेळ आली की बायका एकमेकींकडं बघायच्या. दुसऱ्या लग्नाचं नावच नको, कारण नवरा ‘जित्ता’ होता ना. तिला कुणी धड रडूही दिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं की सासू म्हणायची, अपशकुन करू नको.

तर, कपडे. कप्तानाचा पांढरा गणवेश झाला, आचाऱ्याचा झाला. इंजिनवाल्याची डांगरी, म्हणजे तो गळ्यापासून घोट्यापर्यंतचा निळा एकसंध पोशाख, राहिली. मापासाठी म्हणून मंगलनं पेटीच्या तळाशी ठेवलेली नवनाथची डांगरी काढून नेली. ती बघून बाजीराव हरखला. अस्सल असताना नकली कशाला शिवायची, म्हणाला. मंगलनंही विचार केला, चला, पेटीत कसर लागण्यापेक्षा चार माणसं बघतील तरी. छातीवरची नावाची पट्टी पार विटली होती. तिनं नवी कापडी पट्टी घेतली, पांढऱ्या दोऱ्यानं नाव भरलं आणि टाचली. ते नाव तिनं तोंडानं एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात. त्यानंतर कायम ‘हे’.

पुतळ्याला डांगरी चढवली, पायांत बूट सारले आणि इंजिनरूममध्ये लोखंडी स्टुलावर बसवलं, हात व्हॉल्व्हच्या चाकावर. बसवताना बाजीरावनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि जुन्या सवयीनं, हसत-हसत म्हणाला, “ये नवनाथ, बस हितं.”

मंगलच्या अंगावर सर्रकन काटा आला.  पण सांगणार तरी काय, की भाऊजी, असं म्हणू नये?

दुसऱ्या दिवशी राजरत्नला स्टुलाखाली पाणी दिसलं. चैत्र चाललेला, आभाळ स्वच्छ. आपलंच वेल्डिंग गळतंय की काय म्हणून त्यानं प्रत्येक सांध्याला आतून खडू फासला आणि बाहेरून रॉकेल लावलं. कुठं भेग असती तर खडूवर डाग उमटला असता. एकही उमटला नाही. त्यानं पाणी पुसून घेतलं, तर सकाळी पुन्हा हजर. वाळलं की मागं पांढरा थर राहायचा. बाजीरावनं तो बोटानं उचलून जिभेवर ठेवला आणि त्याचा चेहरा उतरला. धरणाचं पाणी गोडं, आणि हे खारं होतं. लोखंडात मुरलेला समुद्र बाहेर पडतोय, असं तो म्हणाला खरा, पण त्यानंतर तो खाली एकटा उतरेना.

मंगलनं डांगरी उतरवली आणि दिवसभर कडक उन्हात वाळत घातली. पापडासारखी कडकडीत झाली. पुन्हा पुतळ्याला घालून बटणं लावेपर्यंत कॉलर भिजली होती. बाही पिळली तर पाणी निथळलं.

मग एके दिवशी राजरत्न तिला हळूच शिडीपाशी घेऊन गेला. इंजिनरूममधून वर यायला तेवढी एकच शिडी होती.

“मावशी, माझा असल्या गोष्टींवर इश्वास न्हाई,” तो म्हणाला. “आमच्या घरात कुणाचाच न्हाई. पण हे तुमी बघा.”

लोखंडी पायऱ्यांवर ओली पावलं होती. स्टुलापासून निघालेली, वर चढणारी. काल एक पायरी कमी व्हती, राजरत्न म्हणाला. पावलं अनवाणी होती. गेणूनं पुतळ्याच्या पायांना बोटंच केली नव्हती. वरून बूट येणार, मग मेहनत कशाला वाया घालवायची? या पावलांना बोटं होती. उजव्याला पाच, डाव्याला चार.

लहानपणी भात कापताना नवनाथच्या डाव्या पायाची करंगळी विळ्यानं गेली होती. मंगल शिडीला धरून तिथंच खाली बसली. भीती तर वाटलीच, पण भीतीहून जास्त तिला त्याची कीव आली. माणसाला बोलावून घेतलं, आणि ऐन वेळी त्याच्या बसायच्या जागेच्या, त्या पानांच्या माणसाच्या, चिंध्या केल्या. इतकी वर्षं हा उभा तरी कुठं असेल?

घरी जाऊन तिनं सासूला सगळं सांगितलं. अंबाबाईची नजर अधू झाली होती, गुडघे गेले होते. वर्षभर ती बसल्या जागी सरकतच वावरत होती. मंगलला वाटलं होतं म्हातारी घाबरेल, रडेल. पण तिचा चेहरा उजळला. येणारच व्हता, म्हणाली, आणि त्या दिवशी अख्खी भाकरी जेवली. दुसऱ्या दिवसापासून मंगल दारात पाऊल ठेवते न ठेवते तोच ती विचारायची, किती पायऱ्या चढला? मंगल सांगायची. मग अंबाबाई टोपलीतली एक भाकरी फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवायची. सकाळी ती वाळलेली भाकरी मंगल गुपचूप गाईला घालायची. असं चाललं बरेच दिवस, आणि मंगलला त्या घरात श्वास घेणं अवघड होऊन बसलं.

शेवटी एकदा ती भांडलीच.

“आत्याबाई, ते घरी यायला न्हाई बघत. त्यांना जायचंय. तुमी बोलावलं आन् धाडलं न्हाई.”

“तुला काय कळायचं?” अंबाबाई म्हणाली. “तुझ्या पोटचा न्हाई त्यो.”

“माझ्या पोटी काय व्हऊ दिलंत तुमी?”

तीस-पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ती सासूला असं बोलली. अंबाबाईनं तोंड भिंतीकडं फिरवलं. मंगलला वाईट वाटलं, पण शब्द मागं घ्यावासा काही वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी पावलं शेवटच्या पायरीवर पोचली होती.

मंगलनं राजरत्नला वर उभं केलं आणि एकटी खाली उतरली. पुतळ्याच्या भरल्या गालांवरून पाण्याचे थेंब ओघळत होते. तिनं छातीवरच्या पट्टीला ब्लेड लावलं आणि एकेक टाका उसवायला सुरुवात केली. मनात ठरवलं होतं, ही पट्टी चुलीत घालायची. पळसाच्या पानांचं राहिलेलं काम हिच्यावर पुरं करायचं, सासूच्या डोळ्यांदेखत, मग ती काही का म्हणेना. शेवटचा टाका तुटला तशी डांगरी तिच्या हाताखाली कोरडी झाली, आत्ताच इस्त्री फिरवल्यासारखी. पट्टी मात्र चिंब होती. ती पिशवीत टाकून मंगल स्टँडवर आली.

वाडीची एसटी गच्च भरली होती. तरी तिच्या शेजारी कुणी बसेना. एक बाई टेकली आणि लगेच उठली, सीट लई वली हाय, म्हणाली. मंगल खिडकीबाहेर बघत राहिली. फाट्यावर उतरून ती वाडीच्या वाटेला लागली तेव्हा दिवेलागण झाली होती. मागून पावलं वाजत होती, ओल्या पायांनी फरशीवर चालावं तशी. वाट तर धुळीच्या फुफाट्याची होती. तिनं पदर घट्ट धरला आणि एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

अंबाबाई दारात उभी होती. भिंत धरूनही जिला उठता येत नव्हतं, ती उंबऱ्यावर सरळ उभी. मंगलकडं तिनं पाहिलंच नाही. तिच्या खांद्यावरून मागं पाहिलं, आणि दोन माणसांना वाट होईल इतकी बाजूला सरकली.

“लई भिजलाय,” ती म्हणाली. “टावेल दे त्याला.”

मंगलनं दोरीवरचा टॉवेल काढून चुलीपुढच्या पाटावर ठेवला. अंबाबाईनं ताट वाढलं, नाचणीची भाकरी आणि उडदाचं घुटं. दोघी समोर बसल्या. कुणी जेवताना दिसलं नाही. पण टॉवेल हळूहळू ओला होत गेला आणि पाटाचं लाकूड काळपट पडलं. अंबाबाई त्या रिकाम्या पाटाकडं टक लावून बघत होती.

“केस बी पिकलं न्हाईत तुझं,” ती म्हणाली.

मंगलचा हात आपसूक स्वतःच्या पांढऱ्या केसांकडं गेला आणि तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. त्याही वेळी तिला लाज वाटली. नवरा पंचविशीचा आणि आपण म्हातारी.

चुलीत लाकूड ढासळलं. मंगलनं पिशवीतून पट्टी काढली आणि सासूच्या तळहातावर ठेवली. अंबाबाईला अक्षर येत नव्हतं. तिनं दोऱ्यावरून बोटं फिरवली, पट्टी गालाला लावली, आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग ती मंगलच्या हातात परत दिली.

“मला न्हाई जमायचं,” ती म्हणाली. “तवाबी न्हाई जमलं. तू धाड.”

मंगलनं पट्टी चुलीत टाकली. ती पेटेना. नुसता धूर झाला, निखारे काळे पडले, आणि खोलीत खाऱ्या पाण्याचा वास भरला. दोघींना ठसका लागला. पाटावरचा टॉवेल टपटप गळायला लागला. मंगलच्या तेव्हा ध्यानात आलं, काय राहिलंय ते. जाणत्यानं नाव घेऊन बोलावलं होतं, बाजीरावनंही नाव घेऊनच बोलावलं होतं. धाडायचं तर नाव घ्यायला हवं, आणि ते तिनंच.  उखाण्यात घेतलं तेव्हा सगळी वाडी हसली होती, आणि तो पायांकडं बघत लाजला होता, हे तिला आठवलं.

“नवनाथ,” ती म्हणाली. “झालं आता. जा.”

मूठभर मीठ पडावं तशी चूल तडतडली आणि पट्टी भडकून पेटली. अंबाबाईच्या अंगात आलेलं उसनं बळ सरलं. ती तिथंच आडवी झाली. मंगलनं तिच्या अंगावर गोधडी टाकली.

सकाळी उजाडल्यावर जमिनीवर सारवणाच्या वर मिठाची पांढरी पावलं उठलेली दिसली. उंबऱ्यापासून पाटापर्यंत, उजव्याला पाच बोटं, डाव्याला चार. सगळी आत येणारी. बाहेर जाणारं एकही नव्हतं. मंगलनं दाराकडं पाहिलं, पाटाकडं पाहिलं, मग चुलीवरच्या काजळलेल्या कौलांकडं, जिथून धूर जातो आणि उजेड येतो. टॉवेल कोरडा होता.

ती त्या पावलांशेजारी बसली आणि मोठ्यानं, गळा काढून रडली. अंबाबाई सरकत-सरकत तिच्याजवळ आली. अपशकुन करू नको, असं या वेळी ती म्हणाली नाही.