चिमट्यातले कागद

माझ्या खिडकीच्या आतल्या बाजूला, बाहेर उभ्या असलेल्या माणसाला दिसणार नाही अशा ठिकाणी, एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला एक लोखंडी चिमटा अडकवलेला असायचा. या नाक्याची सगळी अब्रू चार वर्षं त्या चिमट्यात होती. तो तिथे लावला मीच.

सीमेवरच्या नाक्यावर जनावरांच्या गाड्या येतात. मी त्यांचं तपासणी शुल्क घेते आणि पावती देते, म्हणून सगळे मला पावतीबाई म्हणतात. परवा माझी सख्खी जाऊसुद्धा फोनवर तसं म्हणाली, तेव्हा तिला चांगलं सुनावलं. ऑफिसात मात्र चालवून घेते. एवढ्या वर्षांत माझं खरं नाव साहेबांनाही आठवत नसेल.

चार वर्षांपूर्वी वरून पत्र आलं. शुल्क दुप्पट झालं, आणि लोकांनी आरडाओरडा करू नये म्हणून सोबत एक वचनही आलं. पावती निघाल्यापासून चाळीस मिनिटांत तपासणी, नाही झाली तर शुल्क परत. ते भिंतीवर मोठ्या अक्षरात लागलं. शेजारी एक फलक बसला, त्यावर दर गाडीमागे एक दिवा लागतो, वेळेत झाली की हिरवा, नाही झाली की लाल. आणि त्याच महिन्यात जनावरांच्या दोन डॉक्टरांच्या जागा कमी झाल्या. उरला एक. गाड्या मात्र होत्या तेवढ्याच.

तो एक डॉक्टर म्हणजे माझ्या धाकट्या भावासारखा. मला ताई म्हणतो, माझा डबा खातो आणि भाजीत मीठ कमी आहे हेही सांगतो. पहिल्या महिन्यात अकरा लाल दिवे लागले. अजून एक महिना असा गेला तर बदली, असं त्याला लेखी आलं. घरी बायको बाळंत झालेली, आई अंथरुणाला खिळलेली. पोरगा माझ्यासमोर बसून हुंदके द्यायला लागला. मला रडणं बघवत नाही, माझं डोकंच फिरतं. मी म्हटलं, गप रे, मी बघते.

घड्याळ पावतीपासून चालू होतं ना? मग पावतीच उशिरा काढायची. माणूस आला की त्याचे कागद घ्यायचे, चिमट्याला लावायचे, "बसा, हाक मारते," म्हणायचं. डॉक्टर मोकळा व्हायला आला की लांबून मला हात करायचा. मग पावती काढायची. सगळं हिरवं. साहेबांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि दोन महिन्यांनी माझी पाठ थोपटली.

फक्त एक झालं. डॉक्टरने दुसऱ्या माणसासाठी अर्ज केला तेव्हा वरून उत्तर आलं की, आपल्या नाक्याचं काम शंभरात नव्व्याण्णव वेळा वेळेत होत आहे, सबब दुसऱ्या डॉक्टरची गरज दिसत नाही. तो कागद वाचून आम्ही दोघं खूप हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तर, महिन्याची शेवटची तारीख होती. दुसऱ्या दिवशी मुख्य कार्यालयातून उत्तम नाक्याची ढाल घेऊन माणसं येणार होती. पूर्ण महिन्यात एकही लाल दिवा नव्हता. साहेब सकाळपासून माझ्या पाठीमागे येरझारा घालत होते आणि त्यांच्या नव्या बुटांची करकर माझ्या डोक्यात जात होती.

दहा वाजून दहा मिनिटांनी खिडकीत एक बाई आली. चाळिशीची असेल, मनगटापर्यंत बाह्यांचा सदरा, हातावर जुन्या डंखांचे डाग.

"मधमाश्या आहेत," ती म्हणाली. "चाळीस पेट्या. पलीकडच्या बागा फुलल्यात, तिथे ठेवायच्यात. हे कागद, हे शुल्क. पावती द्या, म्हणजे गाडी छपराखाली घेते."

"बसा, हाक मारते."

"पावतीशिवाय छपराखाली सोडत नाहीत म्हणे."

"सोडत नाहीत. बसा."

छपराखाली तपासणीचे दोन ओटे आहेत. पंखे आहेत, पाण्याचा नळ आहे. पहिल्या ओट्यावर डॉक्टर मेंढ्यांचे दोन ट्रक तपासत होता. एकेका मेंढीच्या कानातला बिल्ला कागदाशी ताडून बघायचा, म्हणजे दोन तासांची निश्चिंती. दुसरा ओटा रिकामा होता. पण पावतीच्या नंबराशिवाय फाटक उघडत नाही. बाहेरच्या अंगणात सगळं सिमेंट, औषधालाही झाड नाही.

तिचे कागद मी चिमट्याला लावले. आधीचे चार होते, त्यांवर पाचवे.

ती बसली नाही. गाडीकडे गेली, पिचकारीने पेट्यांच्या जाळ्यांवर पाणी मारलं, परत आली. पुन्हा गेली. गाडी माझ्या खिडकीपासून वीस पावलांवर होती आणि माश्यांचा आवाज मला बसल्या जागी येत होता. आधी गुणगुण होती. अकराच्या सुमाराला तो आवाज चढला. कानात शिरून बसेल असा.

"बाई, ऐका," ती खिडकीशी येऊन म्हणाली. "पहाटे अंधारात तोंडं बंद केलीत पेट्यांची. आता पंख हलवून हलवून आतली हवा गार करतायत त्या. पण ऊन असं राहिलं तर मेण मऊ होतं, पोळं खाली बसतं, आणि त्याखाली त्या मरतात."

"मग जाळी उघडा थोडी."

"उघडली तर सगळ्या उडतील. परत कुठे येणार? त्यांना हे ठिकाण माहीत आहे का?" मग तिने आवाज खाली आणला. "हा माझा पहिला फेरा आहे, एकटीचा. धंदा वडलांचा, आता दादा बघतो. तो म्हणतो बाईमाणसाला हे झेपायचं नाही. एक मोसम दिलाय मला. काही इकडेतिकडे झालं तर पेट्या परत त्याच्या."

मला काय वाटलं ते खरं सांगते. मला तिचा राग आला. प्रत्येकाचं काहीतरी असतंच. मी चार वर्षं ऐकतेय. कुणाची घोडी गाभण, कुणाची कोंबडीची पिल्लं तहानलेली. सगळ्यांचं ऐकत बसले तर चिमट्याला काय अर्थ राहिला? पण माझा उजवा पाय टेबलाखाली आपोआप हलायला लागला आणि थांबेना. चहा पुढ्यात निवला. एका शेतकऱ्याला मी चुकीचा फॉर्म दिला, मग त्याच्यावरच खेकसले.

साडेअकराला मी उठले.

"साहेब, मधमाश्यांची गाडी दुसऱ्या ओट्यावर घेऊ का? नुसती उभी राहील सावलीत. पावती नंतर काढते."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू तिजोरीची किल्ली मागितली. "पावतीशिवाय ओटा? पावतीबाई, नियम आहे तो."

"मग पावती काढते."

"डॉक्टर चाळीस मिनिटांत मोकळा होतोय?"

"नाही."

"मग? आजच्या दिवशी लाल दिवा लावणार तुम्ही? उद्या काय दाखवू त्यांना?" ते जरा मऊ झाले. "अहो, माश्या आहेत त्या. उन्हातच हिंडतात."

मी परत जागेवर बसले. बोट टेकवलं असतं तर पावती निघाली असती; ते बटण माझ्या हाताखाली होतं, साहेबांच्या नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. मी नाही दाबलं. उठले, पाणी प्याले, बसले, चिमटा सरळ केला. तो आधीच सरळ होता.

बारा वाजून गेल्यावर आवाज बदलला. कमी झाला. आधी मला बरंच वाटलं. म्हटलं, शांत झाल्या वाटतं. मग मी त्या बाईकडे पाहिलं. ती एका पेटीला कान लावून उभी होती. मग दुसरीला लावला, मग तिसरीला. पिचकारी तिने खाली टाकली होती.

बारा वीसला डॉक्टरने हात केला. मी आधीचे चार बाजूला सारून तिची पावती काढली. फाटक उघडलं, गाडी सावलीत गेली, पंखे सुरू झाले. डॉक्टरने भराभर पेट्या तपासल्या आणि बारा एकतीसला शिक्का मारला. फलकावर हिरवा दिवा लागला. तपासणीस लागलेला वेळ, अकरा मिनिटं. आमच्या नाक्यावर याहून चांगला वेळ कधी लागला नव्हता.

चाळीसपैकी तेरा पेट्यांमधून आवाज येत नव्हता.

डॉक्टर खिडकीशी आला. हातमोजे काढलेले, बोटांना मेण. "ताई, ही गाडी किती वाजता आली होती गं?"

त्याने चिमट्याकडे पाहिलं आणि तो परत गेला.

बाई आली तेव्हा तिच्या हातात फोन होता आणि फोनवरचा पुरुषी आवाज मला ऐकू येत होता. "दोन तास थांबवलं म्हणतेस? पावतीचा फोटो तूच पाठवलास ना? पावती बारा वीसची, शिक्का बारा एकतीसचा. अकरा मिनिटांत सोडलंय तुला! मग सकाळपासून होतीस कुठे? गाडी उन्हात लावून झोपलीस ना?"

"नाही दादा."

"कागद खोटं बोलतो का?"

तिने फोन कानापासून दूर धरला. ती रडत नव्हती. रडली असती तर मी नेहमीसारखी चिडले असते आणि सुटले असते.

"मला शुल्क परत नको," ती मला म्हणाली. "तक्रारही करायची नाहीये. मी किती वाजता आले तेवढं लिहून द्या. तुम्ही पाहिलंय मला."

"इथे तशी नोंद नसते," मी म्हणाले. चार वर्षांत इतक्या वेळा म्हटलेलं वाक्य, तोंडातून आपसूक निघालं.

तिने तिचे कागद काउंटरवर ठेवले आणि वरच्या कोपऱ्यावर बोट टेकलं. तिथे चिमट्याच्या दातांच्या दोन खुणा होत्या, गंजाच्या, तांबूस. "हे काय आहे मग?"

मी त्या खुणांकडे बघत राहिले. माझी लाज मला अशी कधी दिसली नव्हती. साहेब मागे येऊन उभे राहिले; बूट वाजले म्हणून कळलं.

मी तिची पावती उलटी केली आणि मागे लिहायला घेतलं. सदर गाडी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी या खिडकीशी आली. शुल्क व कागद तेव्हाच देऊ केले. पावती दोन तास दहा मिनिटं मी अडवून ठेवली. दुसरा ओटा त्या वेळी रिकामा होता.

"पावतीबाई, काय लिहिताय?" साहेब म्हणाले.

"झालं ते."

"नोकरी नकोशी झालीय का? निवृत्तीला चार वर्षं राहिलीत तुमची."

"माहीत आहे मला." खाली सही केली. खरं नाव लिहिलं, पूर्ण, आईवडलांनी ठेवलेलं, आणि वर खिडकीचा शिक्का मारला. शिक्का जरा तिरका पडला.

तिने ते तिथेच उभं राहून वाचलं, दोनदा. फोटो काढून भावाला पाठवला. मग कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. आभार मानले नाहीत. मानले असते तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

"बाई," ती म्हणाली, "हेच सकाळी लिहिलं असतं तर शाई एवढीच लागली असती."

आणि ती गाडीकडे गेली. सत्तावीस जिवंत पेट्या घेऊन फाटकाबाहेर पडली, तेरा तशाच बांधलेल्या.

साहेब अजून बोलत होते. ढाल, मुख्य कार्यालय, माझी फाइल. मी चिमटा खिळ्यावरून काढला. त्यात आधीचे चार आणि नंतर आलेले दोन मिळून सहा जणांचे कागद होते. मी खिडकीतून एकेकाला हाक मारली आणि सहाच्या सहा पावत्या एकापाठोपाठ काढल्या. लोक गोंधळले, इतक्या लवकर पावती मिळण्याची कुणाला सवयच नव्हती. फलकावर सहा घड्याळं एकदम चालू झाली.

डॉक्टर ओट्यावरून धावत आला. "ताई, वेड लागलंय का तुला? सहा एकदम? मी एकटा आहे. पाच तरी लाल होणार!"

"होऊ देत," मी म्हणाले. "आणि संध्याकाळी अर्ज लिही. दुसरा डॉक्टर माग."